बीपीची गोळी बंद करू का? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात बीपीच्या औषधांबद्दल काय विचारायचंय ते कळवा असं लिहिलं होतं, आणि इतकी पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलंय ते घेतलंय. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय. डोस वगैरे जे आलंय ते समजून घेण्यासाठी आहे, स्वतःची गोळी बदलायची ती तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न (संगमनेर): नमस्कार मॅडम. वडील ६२ वर्षांचे, टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ अशी एकत्र गोळी चालू होती आणि बीपी मस्त होतं, १२४/७८. मग त्यांचे एक मित्र म्हणाले नॉर्मल आलंय तर कशाला खातोस, जन्माची सवय लागेल. बंद केली. पहिला आठवडा नॉर्मलच होतं म्हणून आम्हीपण निर्धास्त. आता महिन्याने १६८/१०० आलं. म्हणजे सवय लागलीच ना?

उत्तर: नाही हो, सवय नाही लागलेली. १२४/७८ हे गोळीमुळे आलेलं बीपी होतं, गोळी थांबली आणि ते मूळचं जिथे होतं तिथे परत गेलं. गोळी सुरू व्हायच्या आधीची चिठ्ठी घरात असेल तर काढून बघा, बहुतेक असाच काहीतरी आकडा सापडेल. सवय लागते तेव्हा डोस वाढवत न्यावा लागतो, वस्तू मिळाली नाही की तलफ येते, तसं या दोन्ही औषधांत काही नसतं.

पण तुम्ही लिहिलंय ना, पहिला आठवडा नॉर्मलच होतं, तिथेच फार लोक फसतात. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून खूप हळू जाते, रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात, आणि रोज खाणाऱ्याच्या अंगात तिचा साठा झालेला असतो, त्यामुळे बंद केल्यावरही पुढचे काही दिवस ती काम करतच असते. माणूस तिसऱ्या दिवशी मशीन लावतो, १३० येतं, म्हणतो बघा गोळीशिवायही नॉर्मल आहे, आणि मशीन कपाटात जातं ते जातंच. पुढे बीपी चढतं तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. डोकं दुखलं, चक्कर आली तरच बीपी वाढलं असं लोकांना वाटतं पण बहुतेकांना काहीसुद्धा जाणवत नाही, आणि मेंदू, किडनी, डोळे इथल्या बारीक रक्तवाहिन्या मात्र मार खात राहतात.

आणि सगळ्याच गोळ्या अशा सावकाश उतरत नाहीत. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या, एकदम थांबवल्या तर धडधड वाढते, ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांच्या छातीत दुखू शकतं, अगदी अ‍ॅटॅकसुद्धा येऊ शकतो. क्लोनिडिन त्याहून वाईट, तिचे डोस चुकले तर बीपी आधी होतं त्याच्याही वर उसळतं. म्हणून या गोळ्या बंद करायच्याच असतील तर दिवसांच्या अंतराने हळूहळू उतरवतात.

गोळी कधीच कमी होत नाही असंही नाही. वजन उतरलं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आलं (लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून, नुसतं भाजीतलं नाही), दारू सुटली, रोज चालणं सुरू झालं तर डोस कमी झालेले, क्वचित गोळी सुटलेले पेशंटही असतात. पण तेव्हा आधी डोस कमी करायचा आणि काही आठवडे घरी मोजून वहीत लिहायचं अशा रीतीने. वडिलांना या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडे न्या, बहुतेक तीच गोळी परत सुरू होईल.

प्रश्न (रत्नागिरी): मी ५५ वर्षांची. अ‍ॅम्लोडिपिन १० घेते. दोन्ही पायांना घोट्यापाशी संध्याकाळपर्यंत एवढी सूज येते की चपलेचा पट्टा रुततो. किडनी गेली की काय अशी भीती वाटतेय. मेडिकलवाल्याने लघवीची गोळी दिली, सूज तशीच.

उत्तर: काकू, किडनीच्या भीतीने झोप घालवू नका, एक साधी रक्त-लघवीची तपासणी करून घ्या म्हणजे ती शंका मिटेल. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि १० च्या डोसला ५ पेक्षा बरीच जास्त. होतं असं की ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या सैल करते पण रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या तेवढ्या सैल होत नाहीत, मग मधल्या मध्ये दाब वाढतो आणि पाणी बाहेर पाझरतं. अंगात पाणी जास्त झालेलं नाहीये, ते चुकीच्या जागी आलंय, म्हणून लघवीची गोळी घेऊन सूज फारशी हटत नाही, उलट सोडियम-पोटॅशियम मात्र खाली जातं. ती बंद करायची का ते डॉक्टरांना लगेच विचारा.

उपाय बरेच आहेत. डोस १० चा ५ करून जोडीला टेल्मिसार्टनसारखी दुसऱ्या जातीची गोळी देतात, ती परतीच्या वाहिन्याही थोड्या सैल करते त्यामुळे सूज उतरते आणि बीपीही नीट राहतं. किंवा अ‍ॅम्लोडिपिनच्या जागी सिल्निडिपिन देतात, तिने सूज कमी येते. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण सूज आली की बायका घरात कुणाला न सांगता गोळी सोडून देतात. त्रास झाला तर गोळी बदलून मागा, निवड भरपूर आहे, आणि मागताना संकोच करू नका, डॉक्टरांचं कामच आहे ते.

फक्त एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखतेय, किंवा सुजेबरोबर दम लागतोय, रात्री आडवं झाल्यावर श्वास अडकतोय, असं काही असेल तर ती या गोळीची सूज नव्हे, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न (नागपूर): रॅमिप्रिल सुरू केल्यापासून कोरडा खोकला. कफ सिरपच्या बाटल्या संपल्या, एक्सरे झाला, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. परवा कुणीतरी म्हणालं हा बीपीच्या गोळीचा खोकला आहे आणि ती गोळी म्हणे सापाच्या विषापासून बनते. खरं आहे का हे?

उत्तर: खोकल्याचं खरं असण्याची शक्यता खूप आहे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्यांच्या शेवटी "प्रिल" येतं त्या सगळ्यांचा हा ओळखीचा त्रास आहे, बायकांना जास्त होतो. या गोळ्या शरीरातलं एक एन्झाइम अडवतात त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ कमी बनतो आणि बीपी उतरतं, पण तेच एन्झाइम ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ मोडायचंही काम करत असतं, तो आता साचतो आणि घशात खवखव, ढास सुरू होते. कफ सिरपने ती जाणार नाही. गोळी बदलली की जाते पण दुसऱ्या दिवशी नाही, साधारण १ ते ४ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त, तेवढा धीर धरा. बदलीला टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन यातली एखादी चालते, काम जवळपास तेच आणि खोकला क्वचितच. गोळीने ओठ, जीभ किंवा चेहरा सुजायला लागला तर मात्र वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल, आणि ती जात पुन्हा कधीच घ्यायची नाही.

सापाचंही खरं आहे, पण गोळीत विष नाही. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे, तो चावला की माणसाचं बीपी एकदम पडतं. तिथल्या सेर्जिओ फेरेरा या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये त्या विषातला ब्रॅडीकायनिनचं काम वाढवणारा अंश दाखवून दिला, पुढे स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ओन्देटी यांनी तो धागा पकडून प्रयोगशाळेत अख्खा नवा रेणू तयार केला, कॅप्टोप्रिल, जी १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तुमची रॅमिप्रिल तिच्याच घराण्यातली. मला ही हकीकत फार आवडते कारण तुमच्या खोकल्यामागे आणि काही अंशी तुमच्या उतरलेल्या बीपीमागेही तो ब्रॅडीकायनिन आहे.

प्रश्न (दादर): आमच्या घरी आजोबांपासून आयुर्वेद. सर्पगंधा हे तर बीपीचं आपलं मूळ औषध आणि ते मुंबईच्याच डॉक्टरांनी जगाला दाखवलं असं वाचलंय. मग आज कुठलाच डॉक्टर का देत नाही? मी टेल्मिसार्टनसोबत सर्पगंधाच्या गोळ्या सुरू केल्या तर चालेल का?

उत्तर: तुम्ही वाचलंय ते अगदी बरोबर आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. केईएम हॉस्पिटलचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाची गोळी बीपीच्या ५० पेशंटना दिली, नीट मोजमापं ठेवली आणि १९४९ मध्ये ते सगळं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. त्याआधी १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीही याच मुळीबद्दल लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते डॉ. वकील यांच्या लेखाने. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीने त्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला, जो वैद्यकशास्त्रात फार मोठा समजला जातो.

त्या काळी याचं मोल काय होतं हे कळायला एकच उदाहरण देते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्या दिवशी त्यांचं बीपी ३०० च्या वर मोजलं गेलं होतं. त्याआधीचं वर्षभर डॉक्टर त्यांचं वाढतं बीपी बघत होते, लिहून ठेवत होते, पण हातात द्यायला धड औषधच नव्हतं. जगातल्या सगळ्यात बलवान देशाच्या प्रमुखाला जे मिळालं नाही ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. आणि गोळ्यांनी खरंच जीव वाचतो हे ज्या पहिल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं, अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरची, १९६७ सालची, त्यात दिलेल्या तीन औषधांतलं एक रिसर्पिनच होतं. १४३ पुरुष होते, खालचं बीपी ११५ ते १२९, म्हणजे खूपच जास्त. खोटी गोळी मिळालेल्या गटात २७ जणांना गंभीर घटनांना तोंड द्यावं लागलं आणि खरी औषधं मिळालेल्यांत फक्त २ जणांना.

मग सर्पगंधा मागे का पडली, तर रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाशी असलेला रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनाचा, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठा रिकामा करतं, त्याने बीपी उतरतं खरं पण मेंदूतलेही असेच साठे रिकामे होतात. सुस्ती, नाक चोंदणं, अ‍ॅसिडिटी, आणि मुख्य म्हणजे उदासी, जास्त डोसला तर काही पेशंट गंभीर नैराश्यात गेले. नंतर तेवढंच बीपी उतरवणाऱ्या आणि हा त्रास न देणाऱ्या गोळ्या आल्या.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. टेल्मिसार्टनवर सर्पगंधा म्हणजे दोन बीपीची औषधं एकत्र, तीही एकाचा नेमका डोस माहीत नसताना. बीपी किती पडेल याचा अंदाज बांधता येत नाही. घरात कुणाला नैराश्य असेल किंवा होऊन गेलं असेल तर सर्पगंधेच्या वाटेला जाऊच नका. आणि आधीच घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, वैद्यांनाही टेल्मिसार्टन चालू आहे हे सांगा.

प्रश्न (पुणे): मी २४, आयटीत आहे. बीपी कायम ९६/६० असतं. आई म्हणते लो बीपी आहे, रोज मीठ-साखर-लिंबू पाणी पाजते. थकवा असतो पण चक्कर वगैरे नाही. लो बीपीवर काही गोळी आहे का?

उत्तर: गोळ्या आहेत, पण तुझ्यासाठी नाहीत. तुझ्या वयाच्या बारीक बांध्याच्या मुलींचं ९६/६० हे पुष्कळदा त्यांचं नॉर्मलच असतं आणि तो आजार नाही. आपल्याकडे अशक्त वाटलं की "बीपी लो झालं" म्हणायची पद्धत पडलीय, मग खरं कारण बाजूलाच राहतं. तू हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ आणि व्हिटॅमिन डी तपासून घे, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का ते बघ, आणि झोप किती होते तेही, कारण आयटीवाल्यांच्या थकव्यात झोपेचा वाटा मोठा असतो. आईला सांग लिंबूपाणी चालेल, रोज मीठ घालून नको. सोबत वजन कमी होतंय, उलट्या होतायत, कातडी काळवंडतेय असं काही असेल तर फिजिशियनला दाखव, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार तसा असू शकतो.

प्रश्न (सोलापूर): माझे सासरे ७४ वर्षांचे, डायबेटिस बऱ्याच वर्षांपासून. बीपीची गोळी चालू आहे, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन रात्री. हल्ली पहाटे लघवीला उठले की डोळ्यापुढे अंधारी येते, दोनदा पडले. दवाखान्यात बीपी मोजलं तर १५०/८०, म्हणून डॉक्टर म्हणाले डोस वाढवू. मला भीती वाटते. हाय आहे की लो आहे?

उत्तर: ताई, तुमची भीती योग्य आहे, आणि दोन्ही आहे असंच बहुतेक निघेल. बसून १५० आणि उभं राहिल्यावर १०० असं होऊ शकतं. त्यामुळे डोस वाढवायच्या आधी एक मोजमाप हवंच: ५ मिनिटं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय हे नक्की. हे घरीही करता येतं, फक्त शेजारी धरायला माणूस उभा ठेवा. आकडे लिहून डॉक्टरांपुढे ठेवा, "डोस वाढवू नका" असं सांगण्यापेक्षा आकडे दाखवले की बोलणं सोपं जातं.

उभं राहताना रक्त पायाकडे उतरतं आणि निरोगी माणसात नसा लगेच रक्तवाहिन्या आवळून ते सावरतात. जुन्या डायबेटिसमध्ये त्या नसाच मंदावतात. त्यात टॅमसुलोसिन, जिचं मुख्य काम प्रोस्टेटवर असलं तरी रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते, आणि जर बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन मिसळलेलं असेल तर अंगातलं पाणी-मीठही कमी. स्ट्रिपवर बारीक अक्षरात सगळी नावं असतात ती नीट वाचा, नावाच्या शेवटी एच असेल तर बहुतेक वेळा त्यात हे पाण्याचं, म्हणजे लघवी वाढवणारं, औषध असतं. म्हातारपणी याने सोडियम खाली जाऊन माणूस गोंधळल्यासारखा वागतो, तेही तपासून घ्या.

लो बीपीची औषधं अशाच पेशंटसाठी असतात, मात्र सगळ्यात शेवटी. आधी नको त्या गोळ्या कमी करायच्या, मग साधे उपाय: पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करणं, उठताना आधी बसून पाय हलवणं, मांडीपर्यंतचे घट्ट मोजे आणि पोटाचा पट्टा, उठायच्या आधी ग्लासभर पाणी, आणि रात्रीसाठी पलंगाशेजारीच लघवीचं भांडं, यात कमीपणा काही नाही, खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. एवढं करून भागलं नाही तर मिडोड्रिन देतात, जी रक्तवाहिन्या आवळते. ती दिवसाच घ्यायची, शेवटचा डोस आडवं व्हायच्या निदान ४ तास आधी, नाहीतर झोपेत बीपी खूप चढतं. डोक्याला मुंग्या येतात, काटा येतो, आणि लघवी अडकू शकते म्हणून प्रोस्टेटवाल्यांना फार जपून. दुसरी फ्लुड्रोकॉर्टिसोन, ती किडनीकडून मीठ-पाणी धरून ठेवायला लावते, पण पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात, हार्ट कमजोर असेल तर चालत नाही. तुमच्या सासऱ्यांचं बहुतेक गोळ्यांची वेळ आणि जात बदलूनच भागेल असं मला वाटतं.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या जिममध्ये काही पोरं एक इंजेक्शन घेतात, स्टॅमिना वाढतो म्हणतात, मेफेन्टरमिन लिहिलेलं असतं. लो बीपीचं औषध आहे म्हणे मग त्यात काय धोका?

उत्तर: खूप धोका आहे, आणि तू विचारलंस हे फार बरं केलंस. हे इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमधलं आहे. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली की कधी कधी बीपी पडतं, तेव्हा भूलतज्ज्ञ मॉनिटर समोर ठेवून ते देतात. ज्याचं बीपी नॉर्मल आहे त्याने घेतलं तर बीपी आणि नाडी दोन्ही उसळतात आणि वरून तो जोर लावून वजन उचलतोय. ठोके बिघडू शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, वारंवार घेणाऱ्यांचं हृदय कमजोर झाल्याचं, भास-संशय सुरू झाल्याचंही डॉक्टरांनी नोंदवलंय. रचनेने ते अ‍ॅम्फेटामिनच्या जातीचं आहे म्हणून चटक लागते, आणि खेळाडूंसाठी बंदी असलेल्या औषधांच्या यादीतही आहे. एकच सुई चौघांत फिरत असेल तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. चिठ्ठीशिवाय हे विकणं बेकायदा आहे. जो घेतोय त्याच्या घरी सांग, मित्र चिडला तरी चालेल.

प्रश्न (बारामती): आई ६६ वर्षांची, दरवर्षी वारीला पायी जाते. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी आहे. चालताना गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक खाते, आणि एकादशीला उपवास म्हणून बीपीची गोळीच घेत नाही. घरात सैंधव वापरतो त्यामुळे मिठाचं टेन्शन नाही.

उत्तर: एकेक करून सांगते. उपवासाला गोळी चालते, दोन घोट पाण्याबरोबर, बहुतेक बीपीच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेता येतात. आईंना माझं नाव सांगून सांगा, उपवास मोडत नाही.

सैंधवही मीठच आहे, सोडियम क्लोराइडच, ५ ग्रॅमच्या हिशोबात तेही धरायचं. बाजारात लो सोडियम म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, ते टेल्मिसार्टन घेणाऱ्याने विचारल्याशिवाय आणू नये, रक्तातलं पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं डायक्लोफिनॅक. टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी (म्हणजे ते हायड्रोक्लोरोथायझाइड) आणि वेदनाशामक गोळी ही तीन एकत्र, त्यात उन्हात दिवसभर चालणं, पाणी कमी, एखाद्या मुक्कामी जुलाब, यात किडनी अचानक बंद पडू शकते, खरंच. किडनीकडे जाणारं रक्त तीन बाजूंनी कमी होतं. शिवाय डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनने बीपीही चढतं, बीपीच्या गोळीचं काम अर्धवट होतं. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, गुडघ्याचा पट्टा, काठी. निघायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम तपासा आणि डॉक्टरांना नेमकं हे विचारा: वाटेत उलट्या-जुलाब झाले तर कुठली गोळी किती दिवस थांबवायची? ते कागदावर लिहून आईंच्या पिशवीत ठेवा, ओआरएसची पाकिटंही ठेवा. वारी बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही.

प्रश्न (चिपळूण): रात्री माझं बीपी १९०/११० आलं, घाबरलो. शेजारच्या कंपाउंडरने निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली दिली, अर्ध्या तासात वरचं बीपी ११० वर आलं पण मग घाम फुटून पडायला झालं. परत असं झालं तर तीच घरात ठेवू का?

उत्तर: ठेवू नका. एके काळी हे सर्रास करायचे, डॉक्टरसुद्धा, पण बीपी असं धाडकन पाडल्याने मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक, अ‍ॅटॅक झालेत, म्हणून १९९० च्या दशकातच ते बंद करा असं सांगितलं गेलं. तुम्हाला घाम फुटला तो त्याचाच. आकडा मोठा आला आणि बाकी काही होत नसेल तर शांत बसा, ५ मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर छातीच्या उंचीला, न बोलता परत मोजा, आणि रोजची गोळी चुकली होती का ते आठवा. परतही १८० च्या वर असेल तर डॉक्टरांना फोन करा, ते सावकाश उतरवतील, दिवसांच्या हिशोबाने. पण छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, बोबडी वळतेय, दिसेनासं झालंय, यातलं काहीही असलं तर घरगुती काही न करता १०८.

प्रश्न (वर्धा): सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी आणि मेडिकलमधली महाग, गुण सारखाच येतो का?

उत्तर: तीच अ‍ॅम्लोडिपिन, तोच डोस असेल तर घ्या बिनधास्त, आणि मोजत राहा. केंद्र सरकारचा बीपी नियंत्रणाचा जो कार्यक्रम पहिल्यांदा ५ राज्यांत सुरू झाला त्यात महाराष्ट्र होता, आणि त्यातली औषधं हीच, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. विकत घ्यायची तर जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त पडतात. खंड पडू देऊ नका.

प्रश्न (नाशिक): मी ३१, टेल्मिसार्टन घेते, आता बाळाचा विचार करतोय.

उत्तर: दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घे. "सार्टन" आणि "प्रिल" दोन्ही जाती गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो. लॅबेटालॉल, सावकाश काम करणारी निफेडिपिनची गोळी (वर सांगितलेली कॅप्सूल नव्हे) किंवा मिथाइलडोपा, यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. बदलायच्या आधीच टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरू नको, त्याच दिवशी फोन कर.

प्रश्न (न्यू जर्सी): आई सहा महिने आमच्याकडे येतेय. सिल्निडिपिन १० आणि टेल्मिसार्टन ४०. इथे संपल्या तर मिळतील का? आणि पुण्यात सकाळी ८ ला घेते, इथे कधी घ्यायची? कुणी म्हणतं रात्रीच घ्यावी.

उत्तर: टेल्मिसार्टन तिथे मिळेल, सिल्निडिपिन नाही, अमेरिकेत तिला मंजुरीच नाहीये, तिथले डॉक्टर बदलून दुसरी देतील आणि आईंच्या पायांना सूज येते म्हणून जर ती दिलेली असेल तर प्रश्न पुन्हा सुरू. म्हणून पूर्ण मुदतीच्या आणि वर एक महिन्याच्या गोळ्या इथूनच घ्या, मूळ स्ट्रिपमध्ये, डब्यात सुट्या काढून नको. डॉक्टरांकडून इंग्रजी चिठ्ठी घ्या, त्यावर ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम हवेत, कारण इथल्या ब्रँडची नावं तिथे कुणाला कळणार नाहीत.

वेळेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २१,००० हून जास्त लोकांवर यासाठीच चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला, सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात अ‍ॅटॅक-स्ट्रोकचा फरक पडला नाही. जी वेळ विसरली जात नाही ती चांगली. निघायच्या दिवशी पुण्यात नेहमीसारखी घ्यायची, पोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून न्यू जर्सीच्या सकाळी ८ ला, मधले काही तास इकडे-तिकडे झाले तरी या दोन गोळ्यांत बिघडत नाही, पण भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि गोळ्या केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगा उशिरा आल्या की तीन-चार दिवस गोळीशिवाय जातात.